नाना

वडिलांना घरात आम्ही नाना म्हणायचो.
मेडिकल बोर्डाच्या कागदावर
चार इंग्रजी अक्षरांचा शिक्का होता: एन ए एन ए.
वकील शिर्के म्हणाले, फौजेत सगळे याला नानाच म्हणतात.
म्हणजे, आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही,
सेवेमुळे वाढलेलाही नाही.
आई म्हणाली,
मग काय माझ्या बापानं हुंड्यात दिला बहिरेपणा?

हवालदार हैबती बाबाजी निकम, तोफखाना.
सतरा वर्षं तोफेच्या डाव्या अंगाला उभे,
कानात कापूस, तोही स्वतःच्या उशीतला.
डावा कान गेला, उजवा थोडा राहिला.
बोर्डानं लिहिलं, चौदा टक्के.
विसाच्या खाली काही मिळत नाही.
सहा कमी पडले.
दहावीला गणितात मला सहाच कमी पडले होते,
तेव्हा याच माणसानं मला पट्ट्यानं झोडपलं होतं.

मग परळच्या टॉवरचं गेट, निळा गणवेश, शिट्टी.
मागून वाजलेला हॉर्न ऐकू आला नाही म्हणून
अकराव्या महिन्यात काढून टाकलं.
सोसायटीच्या सेक्रेटरीला चौदा टक्के पुरले.

पहिल्या अपिलाला उत्तर आलं दोन ओळींचं.
दुसऱ्याला दीड ओळीचं.
नाना म्हणाले, कमी होतंय बघ,
शेवटी एकच शब्द उरेल,
तो आपल्या बाजूचा असेल.

लवादात अर्ज टाकताना निघालं की
आई नाशिक रोडच्या रेकॉर्डात अनसूया,
रेशनकार्डावर अनुसया,
बँकेत अनुसूया.
तीन बायका केल्या मी, नाना शेजाऱ्यांना सांगत सुटले,
आणि पेन्शन एकीच्याही नावावर नाही.
कन्नमवार नगरातली अख्खी चाळ हसली,
ते त्यांना दिसलं.

तारखा पडत गेल्या.
सातव्या तारखेच्या आदल्या आठवड्यात नाना गेले.
अर्ज गेला नाही.
नावापुढे मयत लागलं, खाली तर्फे वारस,
आणि आई अर्जदार झाली.

निकालाच्या दिवशी आत एसी होता.
साहेब इंग्रजीत वाचत होते, बारीक आवाजात,
वाचणाऱ्याला घाई असते तसं.
सव्वीस वर्षं नवऱ्याशी ओरडून बोललेली बाई.
हळू बोलणं तिच्या गळ्यात शिल्लकच नव्हतं.
काय म्हनलं ओ त्यांनी?
अख्ख्या दालनानं मान वळवली.
शिपाई पुढे आला.
पण दोघांतले फौजेतून आलेले साहेब थांबले,
चष्मा काढला,
आणि परेडच्या मैदानावर देतात त्या आवाजात म्हणाले,
मंजूर झालं, बाई.
मग कोण जाणे का, परत एकदा,
आणखी मोठ्यानं.

विसाचे टक्के धरले, विसाचे पन्नास केले,
तशी रीत आहे म्हणे.
थकबाकी अर्जाआधीच्या तीनच वर्षांची,
तिथून नाना गेले त्या दिवसापर्यंत.
त्याआधीची एकोणीस वर्षं उशिराच्या खाती.
बारा पानी आदेश मी तीनदा वाचला.
त्यात डेसिबल आहेत, डावा कान, उजवा कान.
आईच्या घशाला रकाना नाही.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो.
आई काउंटरवर वाकून सांगते,
मी जित्ती हाये, लिवून घ्या.
आतली मुलगी म्हणते,
आजी, हळू बोला. ऐकू येतंय मला.

आई गप्प होते.
हे वाक्य तिला कुणी म्हणून किती वर्षं झाली.
पेन मागते, सही करते:
अनसूया.
तिघींतली नाशिक रोडची.